घरचं वय, सरकारचं वय

माणूस खोटं बोललेलं तक आडनावाच्या हेरिनला चालायचं. आकडा खोटा बोलतो असं कुणी म्हटलं, की मात्र तिचं डोकं फिरायचं. प्रांताच्या बालपोषण संस्थेत ती बारा वर्षं एकच काम करत होती. कुठल्या गावातली पोरं काय खातात, किती खातात आणि वर्षागणिक किती वाढतात, हे सगळं संगणकावरच्या एका गणिती मॉडेलमध्ये घालायचं आणि कशामुळे काय होतं ते शोधून काढायचं. ते मॉडेल तिनं स्वतःच्या हातानं उभं केलं होतं. नवऱ्याचा वाढदिवस ती विसरायची, पण मॉडेल पहिल्यांदा चाललं तो दिवस तिला तारखेनिशी पाठ होता.

सव्वा वर्षापूर्वी, ऑक्टोबरच्या मोजणीत, या मॉडेलनं एक भलतीच गोष्ट दाखवली. समुद्रकाठच्या हेवल तालुक्यातली बालवाडीची पोरं शहरातल्या त्याच वयाच्या पोरांपेक्षा चार बोटं बुटकी निघाली. एखाद-दुसरं नव्हे, जवळजवळ सगळीच. उंची मोजणारी नर्स म्हणालीही होती, "मला तर चांगली धडधाकट दिसतात हो." पण 'दिसतात' या शब्दाला मॉडेलमध्ये रकाना नव्हता.

मग कारणाचा शोध सुरू झाला. हेवलमध्ये बालवाड्या तीन आणि तिन्हींना जेवण जायचं ते एकाच स्वयंपाकघरातून, मा पानसिम नावाच्या बाईच्या. पानसिमला मोठी माणसं मावशी म्हणत आणि पोरं आजी. सव्वीस वर्षं ती रांधत होती. जवाचा भात, आंबवलेल्या कोबीची किमची, सुकी बारीक मासळी आणि रोज एक वाडगा सिरेगीचं सूप. मुळ्याचा पाला थंडीत दोरीवर वाळवायचा आणि आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्यात रटरट शिजवायचा, की झालं सिरेगी. शहरातली पोरं सगळं खायची, फक्त हे खात नव्हती. मॉडेलला एवढा फरक पुरला. सिरेगीपुढे त्यानं उणे चिन्ह मांडलं आणि शेजारी तीन चांदण्या काढल्या. ज्या गोष्टीची पक्की खात्री, तिच्यापुढे तीन चांदण्या, अशी या धंद्यातली रीत आहे.

अहवाल छापला, सूप बंद झालं. त्याच्या जागी दहा वाजता एक वडी आली. दुधाची भुकटी, माशाच्या काट्यांची पूड आणि साखर दाबून केलेली, वर चकचकीत कागद. नाव हानप्योम, म्हणजे एक वीत. आणि काय सांगावं, पुढच्या ऑक्टोबरच्या मोजणीत हेवलची पोरं शहरातल्या पोरांच्या बरोबरीला आली की. वर्षभरात चार बोटांचा खड्डा भरून निघाला. तालुकाप्रमुखांना तर आभाळ ठेंगणं झालं. शाळेचं उद्घाटन असो नाहीतर कुणाचं लग्न, ते माइकसमोर उभे राहत आणि चार बोटं वर करून दाखवत. त्याच भरात त्यांनी ठरवून टाकलं, की फेब्रुवारीअखेर स्वयंपाकघरच बंद करायचं. मार्चपासून तिन्ही बालवाड्यांना वडीवाल्या कंपनीचे सीलबंद डबे आणि पानसिम मावशीला घरी बसायची मोकळीक.

हे सगळं हेरिनच्या आलेखावर उभं होतं. तिला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला सांगा.

जानेवारीत मंत्रालयातून निरोप आला. हेवलच्या पोरांवर एक छोटी फिल्म करायची आहे, एखादं छान वाढलेलं पोरगं शोधा. यादीत हारम नावाचा मुलगा सगळ्यांत वर होता. वर्षभरात त्याच्या रेषेनं अशी उडी मारली होती की पाहणाऱ्याची मान दुखावी. आई-बाप शहरात कामाला, पोरगं आजीपाशी. हेरिन त्यांच्या घरी गेली, थंडीसाठी खालून तापवलेल्या जमिनीवर मांडी घालून बसली. हारमच्या आजीनं पुढ्यात वाळवलेली गोड पर्सिमन फळं ठेवली आणि स्वतः लसूण सोलायला बसली. गावात तिचं खरं नाव कुणाला आठवत नव्हतं, सगळे तिला हारमची आजीच म्हणत.

हेरिननं संमतीपत्र उघडलं. "आजी, हारमचं वय किती?"

"कुठलं सांगू? घरचं का सरकारचं?"

"म्हणजे?"

"घरचं आठ. सरकारचं सहा."

हेरिनचं पेन थांबलं. आता हे काही तिला माहीत नव्हतं असं नाही. ती याच देशात जन्मली होती. जन्मलं की एक वर्षाचं आणि नवं साल लागलं की सगळ्यांचं एकदम एक वर्ष वाढलं, हा हिशेब तिच्याही घरात होताच. डिसेंबरात जन्मलेलं पोर पंधरा दिवसांत दोन वर्षांचं व्हायचं. पण गेल्या जूनपासून सरकारनं कायदा केला होता, की यापुढे कागदावर सगळ्यांनी भरलेली वर्षंच लिहायची. वर्तमानपत्रांनी चार दिवस थट्टा केली आणि विषय संपला. हेरिनच्या तर डोक्यातूनही गेला, कारण संस्थेच्या फॉर्मवर पहिल्यापासूनच 'भरलेली वर्षं' असं लिहिलेलं होतं. बारीक अक्षरात, कंसात.

तिनं संमतीपत्र बाजूला ठेवलं. "गेल्या ऑक्टोबरात फॉर्म भरलात, तेव्हा कुठलं लिहिलं होतं?"

"सरकारचं. पाच. कायदा झाला तेव्हा आमच्या गावप्रमुखानं सभागृहात सगळ्या म्हाताऱ्यांना बसवून शिकवलं ना. तुरुंगात नेतील म्हणाला, मेला."

"आणि त्याच्या आदल्या ऑक्टोबरात?"

"तेव्हा कुठं दोन-दोन होती? एकच होतं. सहा."

"म्हणजे आधी सहा लिहिलं आणि एका वर्षानं पाच?"

"मग? कायदा सरकारचा, मी कशाला भांडू? मीही त्र्याहत्तरची एकाहत्तर झाले. गुडघ्यांना अजून कळलेलं नाही, तेवढं सोडा."

आजी आपल्याच बोलण्यावर हसली आणि फळांची बशी पुढं सरकवली. हेरिननं एक उचललं आणि हातातच धरून मनाशी हिशेब करू लागली. सहा वर्षांच्या पोरांच्या रांगेत पावणेपाच-पाच वर्षांची पोरं उभी केली तर ती बुटकीच दिसणार. नंतर त्यांचं वय कागदावर खाली आणलं की उंचही दिसणार. त्याला सिरेगी लागत नाही आणि वडीही लागत नाही. शहरातल्या आया फॉर्मवरचं बारीक अक्षर वाचत होत्या, हेवलच्या आज्यांना ते दिसत नव्हतं, एवढाच काय तो चार बोटांचा फरक.

जन्मतारीख असती तर हा घोळ झालाच नसता. पण मुलांची खासगी माहिती जपायची म्हणून संस्थेनं जन्मतारखेचा रकाना कधीच काढून टाकला होता. आणि आठवलं तेव्हा हेरिनला खरी लाज वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. ऑक्टोबरात संगणकानं तिला सांगितलं होतं: 'शहाण्णवपैकी एक्याऐंशी मुलांचं वय जुळत नाही. नियमानुसार ताजी नोंद ग्राह्य धरायची?' नियम तिनंच लिहिला होता. म्हाताऱ्यांना दिसत नाही, चुका करतात, असं मनाशी म्हणून तिनं 'हो' दाबलं होतं आणि कॉफी आणायला गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती संचालक प्यो साहेबांसमोर उभी राहिली आणि एका दमात सगळं सांगितलं. प्यो साहेब निवृत्तीला दोन वर्षं उरलेले सज्जन गृहस्थ होते. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला.

"मला एक सांगा, तक बाई. पोरं आता कशी आहेत?"

"नॉर्मल आहेत. आधीही होती."

"आत्ता आहेत ना? मग झालं तर. बिघडलंय कुठं?"

"साहेब, ती वाढलेली नाहीत. आणि आपण त्या बाईचं स्वयंपाकघर बंद करतोय."

"आपण नाही, तालुका बंद करतोय. आपण आलेख दिला." साहेबांनी चष्मा चढवला. "अहवालावर शिक्का बसलाय. तो मंत्रालयात गेलाय, मंत्रालयानं तो परदेशी पाहुण्यांना दाखवलाय. वाईट बातमी चुकीची होती म्हणून दुरुस्ती केली तर लोक समजून घेतात. चांगली बातमी चुकीची होती म्हणायला जाल, तर लोक तुम्हालाच विचारतील की तुमच्या पोटात का दुखतंय."

"निदान फेब्रुवारीच्या मोजणीत जन्मतारीख घेऊ या."

"घ्या की. पालकांची तीन प्रतींत संमती, मग समितीची बैठक. जूनपर्यंत होऊन जाईल. वयाचा हा मुद्दा मात्र आता बंद. मी लिहूनच टाकतो तसं." आणि त्यांनी खरंच लिहिलं. सुवाच्य अक्षरात, खाली सही करून.

फेब्रुवारीची मोजणी म्हणजे डब्यांच्या करारावर सही होण्याआधीची शेवटची. तिच्यावर कुणाचंच लक्ष नव्हतं. आलेख आणखी थोडा वर जाणार आणि सही होणार, हे सगळे धरून चालले होते.

हेरिनला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी तिनं सुट्टी टाकली आणि एकटीच बसनं हेवलला गेली, माफी मागायला. दुसरं काय करता येईल ते तिला सुचत नव्हतं.

स्वयंपाकघरात पानसिम मावशी भाताचं भांडं घासत होती. भिंतीला टेकून हारमची आजी आणि गावातल्या आणखी चार-पाच म्हाताऱ्या मुळ्याचा पाला निवडत बसल्या होत्या. सूप बालवाडीसाठी बंद होतं, घरी शिजवायला कुणाची बंदी नव्हती. चुलीच्या वरच्या टाइल्सवर एक कागद प्लास्टिकमध्ये घालून चिकटवलेला होता. हेरिननं तो ओळखला. तिच्याच अहवालाचं पान सत्तेचाळीस.

"ओळखलंत ना?" पानसिम हात पुसत म्हणाली. "नर्सबाईंनी आणून दिलं. म्हटलं, सव्वीस वर्षांत कुणी माझ्या सूपाचं नाव छापलं नव्हतं. वर तीन चांदण्या. मग बंद का केलं, ते काही कळलं नाही बाई मला. जागा नसेल ताटात."

हेरिनचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. पण सांगायला आली होती, तर तिनं सांगितलं. "मावशी, चांदण्या म्हणजे खात्री. तुमच्या सूपानं पोरं खुंटतात, याची आम्हाला तीन चांदण्यांइतकी खात्री होती. आणि ते साफ चूक होतं. चूक माझी होती."

पाला निवडणारे हात थांबले. मग तिनं पहिल्यापासून सगळं सांगितलं. घरचं वय, सरकारचं वय, एक्याऐंशी मुलं, कॉफी, शिक्का, सगळं. मॉडेल कसं चालतं तेही सांगितलं, अगदी साध्या भाषेत. बारा वर्षांत इतकं नीट तिनं कुठल्या परिषदेतही समजावलं नव्हतं.

पानसिमनं घासलेलं भांडं पालथं ठेवलं. मग तिनं जेवण वाढायच्या ओट्यावर तळहात आपटला. "हा ओटा सव्वीस वर्षं इथंच आहे. शाळेत जायच्या वर्षी प्रत्येक पोराची हनुवटी ह्याच्यावर टेकते. ह्या खेपेची पण टेकतेय. मला विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं."

"कुणी विचारलं नाही," हेरिन म्हणाली.

"तुम्ही विचारलं नाही," पानसिम म्हणाली.

हेरिन मान खाली घालून उभी राहिली. आपण इथं येऊन या बाईला काय दिलं, तर एक माफी आणि तीही बिनकामाची, हे तिला स्वच्छ दिसत होतं. स्वयंपाकघर फेब्रुवारीअखेर बंद होणार ते होणारच होतं.

तेवढ्यात हारमच्या आजीनं पाल्याची काडी मोडत सहज विचारल्यासारखं विचारलं, "म्हणजे बाई, हा सगळा खेळ त्या फॉर्मवरच्या दुसऱ्या चौकटीचा?"

"हो, आजी."

"वयाच्या?"

"वयाच्याच."

"आणि संगणक आधीचं सोडून नवीन लिहिलेलं खरं मानतो?"

"तसा नियम आहे. मीच केलाय."

"बरं," हारमची आजी म्हणाली आणि पुढचा पाला घेतला. बाकीच्या म्हाताऱ्यांनीही मान खाली घालून काम सुरू केलं. हेरिनला वाटलं, बिचाऱ्यांना काही कळलं नसावं.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात मोजणी झाली. हेरिननं आकडे मॉडेलमध्ये घातले आणि आलेख उघडला. हेवलची रेषा धाडकन खाली आली होती. पोरांची उंची सेंटिमीटरभर वाढलीच होती, पण वय तिच्याही पुढं धावलं होतं. शहरातल्या त्याच वयाच्या पोरांपेक्षा हेवलची पोरं पुन्हा बुटकी, आणि या खेपेला चार बोटांहूनही जास्त. बालवाडीच्या ताटात सूप तर वर्षभर नव्हतं. मॉडेलनं इकडं-तिकडं पाहिलं आणि हेवलच्या पोरांच्या खाण्यात वेगळं असं जे एकच सापडलं, त्यापुढे उणे चिन्ह मांडलं. हानप्योम वडी. शेजारी तीन चांदण्या.

पडद्यावर प्रश्न आला: 'शहाण्णवपैकी शहाण्णव मुलांचं वय जुळत नाही. नियमानुसार ताजी नोंद ग्राह्य धरायची?'

शहाण्णवपैकी शहाण्णव. हेरिननं फॉर्मांचा गठ्ठा मागवला आणि एकेक उलटू लागली. हारम, ऑक्टोबरात पाच, आता आठ. चार महिन्यांत पोरगं तीन वर्षांनी थोराड झालं होतं. पण पहिल्यापासून बरोबर वय लिहिणाऱ्या पंधरा जण होते, त्यांचं काय? व्हिएतनाममधून लग्न होऊन आलेल्या तिघी आयांनी घरचं वय लिहिलं होतं, त्यांच्या माहेरी असला हिशेब असो-नसो. औषधाच्या दुकानदारानंही लिहिलं होतं. उंची मोजणाऱ्या नर्सची मुलगी तिथंच शिकत होती, तिच्या फॉर्मवर आईच्या सुबक अक्षरात साडेतीनाचे पाच झाले होते. आणि हारमच्या फॉर्मवर खाली, 'इतर माहिती' या चौकटीत, जिथं कधीच कुणी काही लिहीत नसे, तिथं थरथरत्या अक्षरात एक ओळ होती: 'सूप बंद झाल्यापासून पोराची वाढ नीट दिसत नाही.'

हेरिन हसली, मग तिला रडू आलं, मग तिनं दार लावून घेतलं. बारा वर्षं तिनं आकड्याला कधी हात लावला नव्हता. आताही लावायचा नव्हता, नियम होताच. ऑक्टोबरात हेच बटण तिनं न बघता दाबलं होतं आणि एका बाईचं स्वयंपाकघर जायची वेळ आली होती. आज सगळं दिसत होतं. ती कॉफी आणायला गेली नाही. तिनं पडद्याकडे नीट पाहिलं आणि 'हो' दाबलं.

संध्याकाळच्या आत प्यो साहेबांचा फोन आला. "तक बाई, हे काय हो? मागे तुम्ही वयाचा काहीतरी घोळ म्हणत होतात, तो तर नाही ना हा?"

"तो मुद्दा तुम्ही बंद केला होतात, साहेब. माझ्याकडे लेखी आहे. तुमचंच अक्षर."

"हो का," साहेब म्हणाले. "मग आकडे बरोबरच असणार."

तालुकाप्रमुखांनी करारावर सही केली नाही. निवडणुका तोंडावर होत्या आणि पोरांना बुटकं करणाऱ्या वडीबरोबर आपलं नाव कुणालाच नको होतं. पुढच्या सभेत ते उभे राहिले, सवयीनं हात वर गेला, बोटं मिटली आणि वर राहिलेल्या मुठीनं त्यांनी 'आपल्या मातीतलं अन्न' अशी घोषणा दिली. टाळ्या पडल्या. मार्चच्या पहिल्या सोमवारी पानसिमच्या चुलीवर सिरेगीचं पातेलं चढलं.

हेरिन त्या दिवशी गेली. कामाचं काहीच नव्हतं. पोरं जेवून पांगली होती. हारम आता मोठ्या शाळेत जात होता, तरी दप्तरासकट येऊन ओट्यावर हनुवटी टेकवून उभा होता. टाइल्सवर पान सत्तेचाळीसशेजारी नवं पान चिकटवलेलं होतं, वडीचं.

"हे कशाला लावलंत, मावशी?"

"दोन टाइल्स फुटल्यात. एका कागदानं एकच झाकली जात होती." पानसिमनं तिच्यापुढे वाडगा ठेवला, वर पेरिला नावाच्या बियांची तीळकुटासारखी पूड भुरभुरली आणि समोर बसली. "आता खरं सांगा. माझ्या सूपानं पोरं वाढतात का?"

हेरिननं चमचा उचलला, पुन्हा खाली ठेवला. खोटं बोलणं सोपं होतं, पण या बाईशी बोलवेना. "माहीत नाही, मावशी. तीन मोजण्या झाल्या, तीन अहवाल छापून झाले. पण सूपानं काय होतं, ते आम्ही अजून मोजलेलंच नाही."

"वडीनं?"

"तेही नाही."

पानसिमनं तिच्याकडे पाहिलं, मग ओट्यावरच्या हारमच्या हनुवटीकडे पाहिलं.

"मग जेवा गप," ती म्हणाली. "गार होतंय."